एका लुगड्याचं अंतर

॥ श्री ॥
सरगूर,
१२ जून २०२४

चि. अनुसूयेस,
थोरल्या भावाचे सरगूरहून अनेक आशीर्वाद. त्यातले निम्मे रागाचे समजावेत.

राग अशासाठी की तुझं मागचं पत्र वाचायला मला भिंग शोधावं लागलं. पहिल्या चार ओळी ठीक होत्या. पुढे अक्षर बारीक बारीक होत शेवटी मुंग्यांची रांग झाली. 'लोभ असावा' हे मी सवयीने ओळखलं, दिसलं काहीच नाही. कागदाची एवढी काटकसर कधीपासून सुरू केलीस? फोनवर माझ्या कानातलं यंत्र शिट्टी मारतं, म्हणून आपण या वयात पोस्टमनला कामाला लावलंय. तर निदान वाचता येईल असं लिही.

आता कामाचं. शनिवारी सकाळच्या बसने कंडक्टरजवळ सोनचाफ्याचं रोप देतोय. कानडी शेजाऱ्यांसारखं संपिगे, संपिगे करत तू दोन वर्षं मागे लागली होतीस, ती एकदाची गप्प बस. शेजारच्या मल्हारराव शिंप्यांना स्टँडवर पाठव. रोप परसात लावायचं. मागच्या भिंतीपाशी आप्पांचा फणस आहे, त्याच्या बुंध्यापासून घराकडे तोंड करून सरळ बारा पावलं ये आणि तिथे खड्डा घे. बारा पावलं का, ते तू विसरली नसशील. आप्पा ओलं लुगडं गवतावर पसरायचे आणि त्याच्या काठाकाठाने चालत रंग बघायचे. नऊ वार संपायला त्यांना बरोबर बारा पावलं लागायची. आपल्या रंगारी बापाच्या घरात फूटपट्टी कुणी पाहिली होती? दोन झाडांच्या मधे एक अख्खं लुगडं उन्हात वाळलं पाहिजे, नाहीतर दुसरं झाड लावू नये, असं ते म्हणायचे. मी तीस वर्षं इथे नर्सरी चालवतोय, पण याहून सोपा नियम मला मिळाला नाही.

दुसरं म्हणजे, पवनकुमार परवा गाडी घेऊन इथे येऊन गेला. आई त्या घरात एकटी असते याने त्याला झोप लागत नाही. दसरा झाला की तुला बेंगळूरला, त्याच्या अकराव्या मजल्यावर न्यायचं म्हणतो. तू ऐकत नाहीस म्हणून त्याने निवाडा माझ्यावर सोडलाय. मामा म्हणतील तसं, असं म्हणाला. तेव्हा आता मी न्यायाधीश आहे, जरा मान देत जा. तू धडधाकट आहेस असं मी लिहून द्यायला तयार आहे, पण पुरावा हवा. झाड स्वतः अंतर मोजून लावून दाखव.

आशीर्वाद आहेतच. त्यातले थोडे रोपाच्या मुळाशी घाल.
तुझा,
अण्णा


म्हैसूर,
१९ जून २०२४

तीर्थस्वरूप अण्णास,
अनुसूयेचा शिरसाष्टांग नमस्कार, तोही खुर्चीत बसून. वि. वि.

रोप पोचलं. कंडक्टरने त्याला खिडकीची जागा दिली होती म्हणे. माझ्या नशिबी त्या बसमध्ये कधी आली नाही.

लावणी रविवारी झाली. फणसाच्या बुंध्याला पाठ टेकवून उभी राहिले आणि मोठ्याने मोजत बारा पावलं आले. एकही गाळलं नाही. बाराव्यावर काठी रोवली आणि मल्हाररावांनी तिथे कुदळ मारली. गळ्यातल्या टेपशी चाळा करत ते म्हणत होते की वहिनी, हे जरा जवळच वाटतंय. मी त्यांना सांगितलं की कोट तुम्ही मोजा, झाडं आम्ही मोजतो. रोपाला जागा मानवलीय. पाऊस पडला की फणसाच्या फांद्यांवरून पाणी थेंबथेंब त्याच्यावर गळत राहतं, त्यामुळे मला पाणी घालायला जावंसुद्धा लागत नाही. काल एक पिकलं पानही त्याच्या डोक्यावर पडलं. मी म्हटलं, चला, थोरल्याने आशीर्वाद दिला.

तर हा पुरावा झाला. आता न्यायाधीशांनी पवनला लिहावं की आई ठणठणीत आहे. तो मला टीव्ही कुठल्या भिंतीवर लावू ते विचारतो. मला भिंतीचं काही नाही, पण अकराव्या मजल्यावर परस कुठून आणणार? सूनबाई म्हणते, तोवर इथल्या गोकुलममध्ये योगाला जा. तिथे परदेशी पोरी समुद्र ओलांडून येतात आणि मांडी घालायला शिकतात. मी ती लहानपणीच शिकले, आता माझं विसरायचं वय आहे.

अक्षराचा दोष तुझ्या डोळ्यांचा. आणि अंतराचे धडे कोण देतंय बघा. ज्याने नारळ विहिरीला लागून लावला आणि चार वर्षं शहाळी बादलीने वर काढली, त्याने आम्हाला पावलं शिकवावीत.

लोभ आहे तेवढाच राहू दे. वाढवलास तर या वयात पचणार नाही.
तुझी,
अनुसूया


सरगूर,
२७ जून २०२४

चि. अनुसूयेस,
आशीर्वाद. या वेळी पाऊणच निघाले, पाव संशयापायी राखून ठेवलेत.

पवनला मी कालच लिहिलं. तुझी आई ठणठणीत आहे, परवाच स्वतः अंतर मोजून झाड लावलं, आणखी काय पाहिजे, असं खणखणीत लिहिलं. पत्र पेटीत टाकून घरी आलो आणि तुझं पत्र पुन्हा भिंगाखाली धरलं. तेव्हा लक्षात आलं की फणसाचं पाणी चाफ्यावर गळतंय. अनुसूये, बारा पावलांवर फणसाचं पाणी गळेल कसं? तेवढा त्याचा विस्तार नाही. मल्हाररावांना जवळ वाटलं तेव्हा बरोबरच वाटलं. शिंप्याची नजर आहे ती. तू बारा पावलं चाललीस की बारा बोटं?

खरं सांग, कंटाळा केलास ना? देवीच्या देवळात आई अकरा प्रदक्षिणा घालायला लावायची, तेव्हा तू सात घालून मोठ्याने अकरा म्हणायचीस. मी मागून मोजत यायचो आणि घरी येऊन चुगली करायचो. ती सवय गेलेली दिसत नाही.

थट्टा बाजूला ठेवून सांगतो. मोठ्या झाडाच्या कुशीत लावलेलं रोप पहिली दोन वर्षं खूष दिसतं. पाणी वरून मिळतं, ऊन लागत नाही. पण जमिनीखाली थोरला सगळं पिऊन टाकतो. मग लहान्याची मान उजेड शोधत एका बाजूला लांबत जाते आणि तो उभा वाढायचा राहूनच जातो. अजून मुळं धरलेली नाहीत तोवर हलवून घे. आप्पांच्या फणसाची सर्दी माझ्या चाफ्याला नको.

राखून ठेवलेला पाव खरं उत्तर आल्यावर मिळेल.
तुझा,
अण्णा


म्हैसूर,
५ जुलै २०२४

तीर्थस्वरूप अण्णास,
नमस्कार. साष्टांगातली चार अंगं रागावली आहेत, उरलेल्या चारांनी केला आहे.

प्रदक्षिणा सात नव्हेत, आठ घालायचे. चुगलखोराने निदान आकडा तरी नीट लक्षात ठेवावा. पण आप्पांच्या फणसाची शपथ घेऊन सांगते, पावलं बाराच टाकली. मल्हारराव साक्षीला आहेत, त्यांनाही एक दोन तीन ऐकू येत होतं. फणसाच्या फांद्या पसरल्या असतील, मी काय करू? तू इथे येऊन चार वर्षं झाली. झाड तुझ्यासाठी थांबून राहणार आहे का?

एकूण हल्ली सगळ्यांनाच घाई झालीय. कोपऱ्यावरचा सिग्नल बघ. पूर्वी आरामात रस्ता ओलांडून होत असे, आता मी मध्यावर पोचते तोच गाड्या सुटतात. रिक्षावाले वर ओरडतात. देवळात जायला मल्हाररावांच्या घरच्या बायकांची सोबत असते, पण त्या इतक्या धावतात की मी तीन महिने गेलेच नाही. देवीला घरूनच हात जोडते. तिला घाई नाही.

तेव्हा चाफा आहे तिथेच राहील. मी मोजून लावलाय. पवनला तू लिहिलंस, ते वाचून दोन दिवस मला जेवण गोड लागलं. त्याचा फोन आला होता. मामांचं पत्र आलं, मग ठीक आहे, बघू, म्हणाला. आता त्यात पाणी घालू नकोस.

पाव आशीर्वाद तुझ्याकडेच ठेव, मला पुरतंय.
तुझी,
अनुसूया


बेंगळूर,
२२ जुलै २०२४

अण्णातातांना तुमच्या नातीचा, अमूल्याचा नमस्कार.

मराठी लिहायला मला येतं पण स्लो येतं. घरी बोलतो तेवढंच माहीत आहे. चूक असेल तर सुम्ने, म्हणजे असंच, सोडून द्या, आणि पप्पांना दाखवू नका.

तुम्ही गुप्त काम सांगितलं होतं ते मी शनिवारी केलं. अज्जीला कॉलेजचं प्रोजेक्ट आहे म्हणून सांगितलं. मल्हारराव अज्जांचा टेप घेतला. तो लहान आहे म्हणून दोन वेळा लावावा लागला. फणसापासून संपिगेपर्यंत नऊ फूट चार इंच आहे. मी परत मोजलं, परत तेवढंच.

मग मी अज्जीला म्हटलं, तू कसं मोजलं ते दाखव. आधी तिला राग आला. तुझ्या तातांनी तुला फितवलं काय, असं विचारलं. मी नाही म्हटलं, ते खोटं आहे, सॉरी. मग ती फणसाला टेकून उभी राहिली आणि माझा हात धरला. एक दोन तीन असं मोठ्याने मोजत आली. ताता, ती बारा म्हणाली तेव्हा आम्ही बरोबर संपिगेजवळ होतो. एकही कमी नाही, जास्ती नाही. अज्जीने चीटिंग केलं नाही.

मी खाली बघत होते. ती पाय उचलत नाही, ओढते. एक पाय दुसऱ्याच्या पुढे जातच नाही, शेजारी येऊन थांबतो. वळताना तर खूप वेळ लागला. मला रडू आलं. डोळ्यात धूळ गेली म्हणून सांगितलं तर ती पदराने डोळा पुसायला लागली.

पप्पांना सांगू का? त्यांना कळलं तर ते दसऱ्याची वाट बघणार नाहीत, पुढच्या शनिवारीच गाडी घेऊन जातील. न सांगणं पण मला बरं वाटत नाही. तुम्ही सांगाल तसं करते.

तुमची,
अमूल्या


सरगूर,
२७ जुलै २०२४

चि. अनूस,
पूर्ण आशीर्वाद. पावसुद्धा घातला आहे.

आधी कबुली देतो. अमूल्याला मीच हेर म्हणून पाठवलं होतं, तिच्यावर रागावू नकोस. आणि मी तुला खोटारडी ठरवलं ते मागे घेतो. तू बाराच पावलं टाकलीस. बाराही खरी होती.

पोरीचं पत्र घेऊन मी अंगणात गेलो आणि हिशेब मांडला. नऊ फूट चार इंचांत बारा पावलं, म्हणजे एक पाऊल सव्वानऊ इंचांचं. आप्पांचं सव्वादोन फुटांचं होतं, तुझंही त्याहून फार कमी नव्हतं. आपण शाळेत जाताना तू पुढे आणि मी दप्तर सांभाळत मागे, असंच असायचं. सव्वानऊ इंच म्हणजे पाऊल टाकणं नव्हे, अनू, सरकवणं आहे.

मग तुझी जुनी पत्रं पेटीतून काढली. पाच वर्षांपूर्वीच्या पत्रात एका पानावर एकोणीस ओळी आहेत. या जूनमधल्या पानावर चाळीस. पावलं आणि अक्षर दोन्ही मिळून लहान होत गेली. तू ते प्रत्येक पत्रात मला लिहून कळवत होतीस आणि मी शहाणा काटकसरीवरून तुझी टर उडवत भिंग शोधत बसलो. सिग्नल लवकर बदलतो, सगळे धावतात, हे वाचूनही मी हसलोच होतो. त्याचं मला फार वाईट वाटतंय.

माझी अडचण तुला कळेलच. पवनला मी लिहून दिलंय की आई ठणठणीत आहे, आणि त्यावर तो विसंबलाय. उद्या तू घरात पडलीस तर ते माझ्या सहीने पडशील. पण तुला विचारल्याशिवाय मी काही करणार नाही, आणि अमूल्यालाही गप्प राहायला सांगितलंय. एवढंच कर. तुझ्या पलंगापासून मागच्या दारापर्यंत चौदा पावलं होती. आंधळी कोशिंबीर खेळताना डोळे बांधून मोजायचो, आठवतं ना? ती आज किती आहेत ते मोज आणि खरा आकडा लिही. प्रदक्षिणेसारखा नको.

लोभ आहे. आज त्यावर थट्टा सुचत नाही.
तुझा,
अण्णा


म्हैसूर,
१० ऑगस्ट २०२४

तीर्थस्वरूप अण्णास,
अनूचा नमस्कार.

एक्केचाळीस.

उत्तराला उशीर झाला, कारण पहिल्या दिवशी मोजले तेव्हा त्रेचाळीस आले होते. ते काही मी तुला कळवणार नव्हते. रोज मोजत राहिले. एक्केचाळीसच्या खाली येत नाही.

आता लिहायला बसलेच आहे तर सगळं लिहिते. उंबऱ्यापाशी आले की पाय डिंक लावल्यासारखे जमिनीला चिकटतात. डोकं म्हणतं चल, पाय ऐकत नाहीत. ब्लाउजची हुकं लावायला अर्धा तास लागतो. मार्च महिन्यात न्हाणीघरात पडले. लागलं नाही फारसं, पण उठता येईना. दूधवाल्याने दारावर थाप मारली तरी मी हाक मारली नाही, कारण त्याने मल्हाररावांना सांगितलं असतं आणि मल्हाररावांनी पवनला. नळाला धरून कशीबशी उठले. सासू मेली तेव्हा रडले नव्हते एवढी त्या दिवशी रडले.

मला भीती वाटते, अण्णा. पडायची वाटते, पण त्याहून त्या अकराव्या मजल्याची वाटते. मी तिथे गेले होते चार दिवस. सगळे माझ्याशी फार चांगले वागले. कुणी मला कशाला हात लावू दिला नाही. गॅलरीतून एक झाड दिसायचं, त्याचा नुसता माथा. मी त्याचं नावसुद्धा ओळखू शकले नाही. मला ओळखीच्या झाडाखाली म्हातारं व्हायचंय, एवढंच माझं म्हणणं होतं. म्हणून तुझ्या पुराव्याच्या खटाटोपात पडले, आणि काय पुरावा दिला ते तू पाहिलंसच.

पण तुला खोट्या सहीचा धनी करणार नाही. पवनला खरं लिही. तो नेईल म्हणाला तर जाईन, कटकट करणार नाही. चाफा मात्र आधी कुणाकडून तरी हलवून घे. तू म्हणाला होतास तसंच झालंय, त्याची मान घराकडच्या उजेडाला वाकायला लागलीय.

तुझी,
अनू

ता. क. हे पत्र मोठ्या अक्षरात लिहायचं ठरवून सुरू केलं होतं. दुसऱ्या ओळीपासून काय झालं ते तुला दिसतंच आहे.


सरगूर,
१६ ऑगस्ट २०२४

चि. अनूस,
अनेक आशीर्वाद. आता मोजत नाही.

पत्र भिंग घेऊन वाचलं, पण तक्रार नाही. पवनला दोन पानी पत्र लिहिलं. माझं आधीचं म्हणणं चुकीचं होतं हे पहिल्याच ओळीत कबूल केलं. तो पुढच्या आठवड्यात तुला डॉक्टरांकडे नेईल. मीही येतोय.

आता तू कबुली दिलीस तर माझीही ऐक. मागच्या पावसाळ्यात मी कुकर लावून अंगणात कलमं बांधत बसलो. शिट्टी ऐकू आली नाही, पाणी आटलं, धुराने घर भरलं. पाठमोरा असल्याने मला काही कळलंच नाही. शेजारच्या गणपतरावांनी मागच्या दाराची कडी तोडून गॅस बंद केला. तुला लिहिलं होतं की वाऱ्याने कडी मोडली. तुला काय वाटलं, या घराण्यात लपवालपवी तुलाच येते?

तेव्हा मी असं ठरवलंय. नर्सरी गणपतराव बघतील, त्यांना हौस आहे. मी म्हैसूरला तुझ्याकडे राहायला येतो. तू बोलावत होतीस, पण आप्पांनी घर तुला दिलं, तेव्हा बहिणीच्या घरी कसा राहू म्हणून मी दहा वर्षं मिशीला पीळ देत बसलो होतो. तुझे पाय चालत नाहीत आणि माझे कान. दोघांचं मिळून एक बऱ्यापैकी म्हातारं माणूस तयार होईल. शिट्टी तू ऐक, कुकर मी उतरवीन. पवनलाही हेच लिहिलंय, आणि वर्षभर बघ, मग निवाडा तू कर, असंही लिहिलंय. मी न्यायाधीशाच्या कामाला नालायक ठरलोच आहे.

दोन जुनी झाडं जवळ लावू नयेत हे मला मान्य आहे. पण तुझी खोली मागे आणि मी पुढच्या खोलीत. मधे एक लुगडं सहज वाळेल. माझ्या चहातल्या साखरेवर बोलायचं नाही आणि मल्हाररावांनी माझा सदरा शिवायचा नाही, या दोन अटी.

नको म्हणायचं असेल तर मोठ्या अक्षरात लिही. बारीक अक्षरातलं 'नको' मला दिसणार नाही.
तुझा,
अण्णा


म्हैसूर,
२२ सप्टेंबर २०२४

चि. अमूल्या हिस,
अज्जीचे अनेक आशीर्वाद.

अक्षर बघ केवढं आहे ते. डॉक्टरांनी लहान मुलांची चार रेघांची वही आणायला सांगितली. रोज एक पान रेघेला अक्षर टेकवून लिहायचं. एवढंसं पत्र सहा पानांचं होणार, पण तुला वाचायला सोपं जाईल. तू मराठीत लिहिलेलं पत्र तातांनी मला दाखवलं. चुका आहेत, पण ते मी कपाटात ठेवलंय. डोळ्यात धूळ गेली नव्हती हे मला तेव्हाच कळलं होतं.

रोगाचं नाव कंपवात आहे, ते पप्पांनी सांगितलंच असेल. माझा हात फारसा कापत नाही, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. हा रोग पावलं आणि अक्षर दोन्ही आखडतो. बरा होणार नाही, पण गोळ्यांनी पाय जरा सुटलेत. जमिनीवर रेघा दिसल्या तर पाय त्या ओलांडायला उचलतो, असं तिथल्या व्यायाम शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या. मग मल्हाररावांनी आपला शिवणाचा खडू आणला आणि पलंगापासून मागच्या दारापर्यंत गुडघ्यांवर बसून रेघा मारल्या. कोटाच्या कापडावर माराव्यात तशा सरळ आहेत. पुसल्या गेल्या की दर सोमवारी येऊन पुन्हा मारतात.

पप्पा दोन दिवस माझ्यावर रागावले होते. लपवलंस का, एवढंच विचारत होते, आणि त्यांचं बरोबर होतं. मी त्यांची माफी मागितली. पुढच्या दसऱ्यापर्यंत बघू म्हणालेत. तातांचा मुक्काम गौरीच्या आदल्या दिवसापासून इथे आहे. टीव्ही एवढ्या मोठ्याने लावतात की मल्हाररावांकडे वेगळा लावावा लागत नाही. कुकरच्या शिट्ट्या मी बोटांवर दाखवते. चहात तीन चमचे साखर घेतात, आणि मी बोलायचं नाही असं ठरलंय म्हणून मी फक्त बघते.

संपिगे हलवली. मी टेप आणू म्हटलं तर ताता म्हणाले, टेपही नको आणि पावलं तर नकोच. त्यांनी माझी ट्रंक उघडायला लावली आणि आईचं नऊवारी काढलं. आप्पांनी स्वतः रंगवलेलं शेवटचं लुगडं, वांगी रंगाचं, तू लहानपणी त्यात लपायचीस ते. एक पदर फणसाच्या बुंध्याशी मी धरून उभी राहिले आणि ताता दुसरा घेऊन घराकडे चालत गेले. पूर्ण पसरलं तेव्हा परसात मला आप्पा दिसल्यासारखं झालं. मल्हाररावांनी न राहवून टेप लावलाच, तर साडेसव्वीस फूट भरलं. ताता म्हणाले, साठ वर्षं धुतल्यावर तुम्हीही आटाल, आणि अर्धा फूट पुढे जाऊन खुणेची काठी रोवली.

आणि गंमत बघ. मी चुकून लावली होती तेव्हा संपिगे घरापासून पार लांब होती, परसाच्या दुसऱ्या टोकाला. मी पाणी घालायला जावं लागत नाही म्हणून मिरवत होते, पण खरं म्हणजे जाताच येत नव्हतं. आता बरोबर अंतरावर लावली तर ती माझ्या मागच्या पायरीजवळ आली. मुळं धरलीत, दोन नवी पानंही आलीत. खिडकीतून दिसते आणि तांब्या घेऊन मी तिच्यापर्यंत जाऊ शकते.

रोज सकाळी जाते. ताता शेजारून चालतात. त्यांना चार ढांगांचं अंतर आहे, पण माझ्याएवढी पावलं टाकत येतात आणि मोठ्याने मोजतात. पहिल्या दिवशी सतरा भरली होती. काल मी मनात मोजली, चौदा होती. संपिगेपाशी पोचल्यावर ताता म्हणाले, बरोबर बारा. देवळात माझ्या मागे चालत प्रदक्षिणा मोजणारा आणि एका आकड्यासाठी आईजवळ चुगली करणारा हा माणूस. मी काही त्यांना दुरुस्त केलं नाही.

दसऱ्याला ये. टेप आणू नकोस. लोभ तुझा आहेच, तो असाच मोठ्या अक्षरात राहो.
तुझी,
अज्जी